'द इनबिटवीनर्स मूव्ही': मामा-भाच्याने शेजारी बसून बघू नये असा सिनेमा

यॉर्कशायरकर

गेल्या शनिवारी एक चूक केली. बहिणीचा मुलगा पुण्याहून इकडे शिकायला आलाय, वय वर्षं अठरा. "मामा, काहीतरी अस्सल ब्रिटिश दाखव" म्हणाला. वाडे, घोडागाड्या, पावसात भिजणाऱ्या बायका असलं काही लावायचं सोडून मी लावला 'द इनबिटवीनर्स मूव्ही'. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा पाणी आणायला उठलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, बस खाली. कळतात मला हे शब्द."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००८ ते २०१० या काळात ई-फोर वाहिनीवर 'द इनबिटवीनर्स' ही मालिका लागायची. तीन सीझन मिळून फक्त १८ भाग. लेखक डेमन बीझली आणि इयन मॉरिस. सरकारी शाळेच्या अकरावी-बारावीतली चार पोरं. विल हा खाजगी शाळेतून आलेला, हातात ब्रीफकेस घेऊन फिरणारा शहाणा. सायमन कार्ली नावाच्या मुलीपायी कायम अर्धमेला. नीलच्या डोक्यात बहुतेक वेळा काहीच चालू नसतं आणि तो त्यात सुखी असतो. आणि जे. जे रोज एक थाप मारतो, आणि ती थाप दर वेळी मुलींबद्दलच असते. हुशार-खेळाडू कंपूत यांना कुणी घेत नाही, आणि वाया गेलेल्यांतही यांची गणना होत नाही. म्हणून इनबिटवीनर्स, ना धड इकडचे ना तिकडचे.

सिनेमात शाळा संपते आणि चौघं क्रीट बेटावरच्या मालियाला सुट्टीवर जातात. कार्लीने सायमनला सोडलंय, जेचे आजोबा गेलेत, विलच्या बापाने नवीन लग्न केलंय. उन्हात, दारूत, मुलींत सगळं विसरायचं असा बेत. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखालच.

मी हा सिनेमा लीड्समध्ये थिएटरात बघितला होता. १७ ऑगस्ट २०११, बुधवार, प्रदर्शनाचा पहिला दिवस. त्याच्या आठवडाभर आधी लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टरला दंगली झालेल्या. घरून रोज फोन, 'बाहेर पडू नकोस'. माझा प्रबंध अर्धा राहिलेला. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवारी देशभर ए-लेव्हलचे, म्हणजे इकडच्या बारावीचे, निकाल! थिएटर अठरा वर्षांच्या पोरापोरींनी गच्च. उद्या आपलं काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही आणि समोर पडद्यावर त्यांच्याच वयाची चार गाढवं. तसा हशा मी नंतर कुठल्या थिएटरात ऐकला नाही. मला उच्चार उशिरा कळायचे, त्यामुळे सगळे गप्प झाल्यावर मी एकटाच हसायचो. त्यावरही लोक हसले.

आता पुन्हा बघताना वाटलं, की याला चावट सिनेमा म्हणतात खरं, पण हा चावटपणाच्या फजितीचा सिनेमा आहे. बोलण्यात सगळं, पदरात काही नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि बघितला नसेल तर घरच्यांबरोबर बघू नका, अनुभवाचे बोल आहेत.

तिसरीघंटा

मस्त लिहिलंय, यॉर्कशायरकर. प्रबंधाचं काय झालं ते मात्र गाळलंत.

मी आधी मालिका बघितली, मग सिनेमा. मालिकेतला बसस्टॉपचा प्रसंग इंग्लंडमध्ये म्हणीसारखा झालाय. सायमनची पिवळी फियाट, तिचं एक दार लाल. खिडकीतून डोकं बाहेर काढून जे बसची वाट बघणाऱ्यांना शिवी हासडतो. आपण गाडीवाले, तुम्ही बसवाले, एवढाच त्याचा माज. पुढच्याच क्षणी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते आणि शिवी खाल्लेला माणूस निवांत चालत गाडीपाशी पोचतो.

अख्ख्या मालिकेचं व्याकरण या अर्ध्या मिनिटात आहे. आधी फुशारकी मारायची, मग गाडी अडकते.

शुद्धनिषाद

कमाल आहे. मराठी संकेतस्थळावर परदेशी अश्लील सिनेमांचे धागे निघायला लागले. आधी इथे कवितांवर चर्चा व्हायच्या. दारू, ओकाऱ्या, कपडे काढणं यात कसला आलाय विनोद? असो, चालू द्या.

तिसरीघंटा

@शुद्धनिषाद, 'असो' म्हणून निघून जाऊ नका हो, बसा. दादा कोंडक्यांच्या सिनेमाला शिट्ट्या मारणारी पिढी आपलीच ना?

पण तुमच्यामुळे एक मुद्दा सुचला. दादांचा द्व्यर्थी संवाद कसा चालायचा? बोलणारा भोळा, अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात. सेन्सॉरने बोट ठेवलं की 'मी तर साधं बोललो, घाण तुमच्या मनात' म्हणायची सोय. इंग्रजांकडे हेच काम 'कॅरी ऑन' सिनेमांनी १९५८ पासून केलं. त्यातला 'कॅरी ऑन अब्रॉड' हा १९७२चा सिनेमा तर नेमका पॅकेज सहलीवरचा. भूमध्य समुद्राकाठचं अर्धवट बांधलेलं हॉटेल दाखवलंय, आणि ते उभं केलं होतं इंग्लंडातच, पाइनवुड स्टुडिओच्या आवारात.

इनबिटवीनर्समध्ये उलटं आहे. जे द्व्यर्थी बोलतच नाही. तो एकार्थी, सरळ, कानाला भोकं पडतील असं बोलतो. फक्त त्यातलं एक अक्षरही खरं नसतं. दादांच्या सिनेमात शब्द निरागस आणि अर्थ चावट. इथे शब्द चावट आणि बोलणारा निरागस. बिचाऱ्याला काहीच अनुभव नाही!

मुंग्याचीमावशी

टाळ्या, तिसरीघंटा! हे लिहून ठेवते.

पेणकर_इन_हॅरो

आमच्याकडे मोठ्या मुलाने शाळेत असताना हे खूळ आणलं होतं. मालिकेतल्या शाळेची बरीच दृश्यं जवळच्याच राइस्लिपच्या शाळेत चित्रित केलेली, त्यामुळे त्याला फार अभिमान. घरात कुणीही 'माझा एक फ्रेंड म्हणत होता' असं म्हटलं की हा दोन्ही अंगठे वर करून, ओठांचा चंबू करून 'ऊऽऽ, फ्रेंऽऽड!' असं ओरडायचा. मालिकेत जे चुकून कुणाला तरी 'फुटबॉल फ्रेंड' म्हणतो, त्यावरून बाकीचे त्याला पिडतात, ते हे. माझ्या सासूबाई आल्या होत्या. देवळात भेटलेल्या बाईंबद्दल सांगत होत्या, म्हणाल्या, "माझी नवी फ्रेंड." पोरगं ओरडलं. पुढे चार दिवस त्या सगळ्यांना 'ओळखीची बाई' म्हणत होत्या.

तर मुद्दा: हे पोरांचं बोलणं जसंच्या तसं पकडलंय. अठरा वर्षांची पोरं एकमेकांना 'तू माझा जिवलग' असं कधीच म्हणत नाहीत. शिवी देतात, अंगठे दाखवतात. माया दाखवायची लाज, आणि ती लाज झाकायला एवढा सगळा आचरटपणा.

यॉर्कशायरकर

पेणकर काका, सासूबाईंना दंडवत.

प्रबंध पुरा झाला, तिसरीघंटा. मुदतीच्या दिवशी, छपाईच्या रांगेत. नका विचारू.

थोडे आकडे, कारण कुणीतरी विचारणारच. सुमारे ३५ लाख पौंडांत केलेला सिनेमा. पहिल्या वीकेंडला ब्रिटनमध्ये १ कोटी ३० लाख पौंडांच्या वर गल्ला, विनोदी सिनेमासाठी तोपर्यंतचा तिथला विक्रम. एकूण ४ कोटी ५० लाखांच्या घरात. मोठा नट नाही, परदेशात फारसं कुणी ओळखत नाही. एमटीव्हीने २०१२ मध्ये मालिकेची अमेरिकन आवृत्ती काढली, ती एका सीझनमध्ये गुंडाळली. मला वाटतं, तिकडच्या शाळकरी सिनेमात बावळट पोरगा शेवटी जिंकतो अशी सवय. इकडे पोरगा हरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत जातो आणि तिथे मिस्टर गिल्बर्ट त्याला आणखी हरवतात. (ग्रेग डेव्हिसचा हा मास्तर सिनेमात अगदी सुरुवातीला येतो. शाळा सोडणाऱ्यांना तो जो 'निरोप' देतो, तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल.)

निंबोणी

एक दुरुस्ती आणि एक तक्रार.

दुरुस्ती: सिनेमात ते मालियाला जातात, पण चित्रण बहुतांशी स्पेनच्या मायोर्का बेटावर, मागालुफला झालंय. म्हणजे ग्रीसच्या नावाखाली स्पेन. प्रेक्षकाला फरक पडत नाही, कारण ज्या इंग्रज पोरांसाठी ही गावं सजली त्यांनाही पडत नाही. तीच निऑनची पाटी, तीच बादलीभर दारू, तोच इंग्लिश ब्रेकफास्ट.

तक्रार: 'फजितीचा सिनेमा' हे मला अर्धंच पटतं. फजिती पोरांची होते, मान्य. पण पोरींचं काय? त्या चौघी, ॲलिसन, लूसी, लिसा, जेन, पहिल्या सिनेमात या गाढवांपेक्षा कितीतरी शहाण्या आहेत. लूसी तर सगळ्यात माणसासारखी वागणारी. सायमन तिच्यासमोर बसून दुसऱ्या मुलीसाठी रडत असतो आणि ती ऐकून घेते. जेन जाडी आहे म्हणून जेला ती आवडूनही लाज वाटते, तीही लोक काय म्हणतील म्हणून. हे लिहिणाऱ्यांना कळलं होतं, हे दिसतं.

मग २०१४ मध्ये दुसरा भाग आला, ऑस्ट्रेलियातला. त्यात त्याच लूसीचं काय केलं? संशयी, कपडे कापणारी वेडी प्रेयसी! केवळ सायमनला घराबाहेर पळवायचं होतं म्हणून. तेव्हा मी थिएटरात हसत होते, हेही कबूल करते. राग नंतर आला, बसमध्ये.

बोरूबहाद्दर

निंबोणी ताई, सहमत. पण मग यॉर्कशायरकरांना माझा प्रश्न. पहिल्या भागाच्या शेवटी चौघांनाही मुली मिळतातच की. मग 'पदरात काही नाही' कसं? उगाच तत्त्वज्ञान लावू नका. लोकांना गोड शेवट हवा होता, तो दिला.

यॉर्कशायरकर

@बोरूबहाद्दर, पकडलंत. शेवट गोड आहे, आणि माझ्या मते तीच त्या सिनेमातली कमजोर जागा. मालिकेत असला शेवट कुणी खपवून घेतला नसता. दुसऱ्या भागात तो गोडवा पहिल्या काही मिनिटांतच पुसून टाकलाय, म्हणजे लेखकांनाही तो पचला नसावा. त्यासाठी लूसीचा बळी दिला ते वाईट, निंबोणी यांचं बरोबर आहे. मी तसा विचारच केला नव्हता.

तरी मला त्या सिनेमातलं काय आठवतं म्हणाल तर शेवट नाही. मला आठवतो तो रिकामा बार. रस्त्यावरची मुलगी गोड बोलून यांना आत ढकलते, आत चिटपाखरू नाही. फक्त अशाच फसवून आणलेल्या चार मुली. आणि मग नील नाचायला लागतो. त्या नाचाचं वर्णन लिहून होणार नाही. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या मागे एकटाच, कुणाचीही पर्वा न करता नाचणारा एक काका असतो ना, तसा काहीसा.

सप्तकवेडा

अवांतर, पण मला हे सांगायलाच हवं. त्या नाचाच्या वेळी वाजणारं गाणं २०१०चं, पण त्याच्या पोटात रेनातो कारोसोनेचं १९५६चं नेपल्सच्या बोलीतलं गाणं आहे. त्याचा विषय काय माहीत आहे? एक इटालियन पोरगा अमेरिकन असल्याचा आव आणतो. व्हिस्की-सोडा पितो, टोपी घालून रुबाबात फिरतो. गाणं त्याला विचारतं, की बाबा रे, सिगारेटचे पैसे कोण देतं? आईची पर्स!

आईबापाच्या पैशावर परदेशी रुबाब करायला आलेल्या पोरांना याच गाण्यावर नाचवलंय. मुद्दाम केलं की योगायोग, कोण जाणे. मला आवडलं.

यॉर्कशायरकर

हे भारी आहे! जेच्या बाबतीत आईऐवजी आजोबा, एवढाच फरक.

मुंग्याचीमावशी

मी मालियाला गेले आहे! सिनेमा तेव्हा ऐकूनही माहीत नव्हता. आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या साठीच्या पुढच्या, क्रीटला मिनोअन, म्हणजे तिथल्या प्राचीन संस्कृतीचे, राजवाडे बघायला गेलो होतो. नोसॉस झालं, दुसऱ्या दिवशी मालिया. गावापासून थोडं पूर्वेला, समुद्राजवळ राजवाड्याचे अवशेष आहेत. नोसॉससारखी रंगरंगोटी नाही, गर्दी नाही. नुसते पाये, रांजण, आणि वारा. जवळच्या दफनभूमीत सोन्याचं पदक सापडलं होतं, दोन माश्या मधाचा थेंब धरून समोरासमोर. जेमतेम पाच सेंटिमीटरचं. साडेतीन हजार वर्षांहून जुनं काम! ते इराक्लिओच्या संग्रहालयात आहे. मी त्याच्यासमोर वीस मिनिटं उभी होते. २०२५ मध्ये युनेस्कोने या राजवाड्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसता जल्लोष.

तर राजवाडा बघून पाच वाजता चहा मिळेल म्हणून गावात शिरलो. समोरून सात-आठ पोरं आली. अंगात एकसारखे गुलाबी टीशर्ट, पाठीवर प्रत्येकाचं टोपणनाव, त्यातली अर्धी मला वाचता आली नाहीत आणि उरलेली वाचायला नको होती. एकाचा फक्त एका पायात बूट. त्याने मला अत्यंत अदबीने विचारलं, "मॅडम, आमचं हॉटेल कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे का?" नाव विचारलं तर ते त्याला आठवेना. आमच्या सुधाने त्याला दाण्याचा लाडू दिला. चहा मिळाला नाही.

तिसरीघंटा

मावशी, ते गुलाबी टीशर्ट सिनेमातूनच आले असणार! त्यात चौघं तसलेच घालून फिरतात. म्हणजे सिनेमाने ज्यांची टर उडवली त्यांनीच तो गणवेश केला. खलास.

निंबोणी

याच मुद्द्यावर मला यायचं होतं. टर कळलीच नाही, टीशर्ट तेवढे घेतले.

ज्यांनी हा बघितलाय त्यांनी मॉली मॅनिंग वॉकरचा 'हाऊ टू हॅव सेक्स' जरूर बघा. नाव भडक आहे, सिनेमा तसा अजिबात नाही. २०२३चा, कान महोत्सवात 'अं सर्तं रगार' विभागाचं पारितोषिक मिळालेला. तीन मैत्रिणी शाळेच्या परीक्षेनंतर सुट्टीवर जातात. कुठे? मालियाला. आणि हा खरोखर मालियात चित्रित केलाय. तोच पोहण्याचा तलाव, त्याच बादल्या, स्टेजवरचे तेच खेळ, तोच 'मजा करायलाच आलोय ना' असा धोशा. फक्त कॅमेरा पोरीच्या चेहऱ्यावर. आजूबाजूला सगळे हसत असताना एकीला हसू येईनासं होतं, आणि तिला 'नाही' म्हणायला कुणी जागाच ठेवत नाही. संमती म्हणजे काय याबद्दल एकही भाषण नाही.

बारा वर्षांच्या अंतराने एकाच गावावरचे दोन सिनेमे. मी पहिल्याला रद्दी म्हणणार नाही, पण तो आता मला एकटा बघता येत नाही. दुसरा आठवतोच.

शुद्धनिषाद

हा सिनेमा बघेन. (धागा वाचतोय, गेलो नव्हतो.)

बोरूबहाद्दर

निषादराव परत आले! जागा करा हो कुणीतरी.

काणकोणकर

गोव्यातून हजेरी. इंग्रजांची चार्टर विमानं आमच्याकडेही कित्येक वर्षं यायची, गॅटविक-मँचेस्टरहून. २०१९ मध्ये थॉमस कुक बुडाली तेव्हा कळंगुट-कांदोळीतल्या शॅकवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण आमच्याकडचे इंग्रज वेगळे. पेन्शनवाले आजी-आजोबा, दरवर्षी त्याच खोलीत, त्याच वेटरसाठी चॉकलेट घेऊन. पोरं मालिया, मागालुफ, आय्या नापाला, कारण विमान थोड्या तासांचं आणि दारू स्वस्त.

अठरा ते तीस वयाच्या पोरांच्या सहली काढणारी 'क्लब १८-३०' ही थॉमस कुकचीच कंपनी, ती आधीच २०१८ मध्ये बंद केली होती. मागालुफमध्येही २०२० पासून पब क्रॉल, हॅपी अवर यांवर बंदी, रात्री साडेनऊनंतर दुकानात दारू नाही. म्हणजे या सिनेमात दिसते ती सहल आता बरीचशी इतिहासजमा.

आमच्याकडे सध्या तो गणवेश दुसरीच पोरं घालून येतात. कुठली ते सांगत नाही, धागा पेटेल.

पेणकर_इन_हॅरो

काणकोणकर, सांगून टाका. आम्हाला माहीत आहे. टीशर्टवर मराठी असतं.

यॉर्कशायरकर

धागा अपेक्षेपेक्षा फारच पुढे गेला. भाच्याला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. लाडवाच्या जागी तो लोळला.

त्याला विचारलं, तुला सिनेमात काय आवडलं? म्हणाला, "मामा, कुणाच्याच हातात सारखा फोन नाही. जे एवढं खोटं बोलतो आणि कुणाकडे पुरावा नसतो. आमच्यात थाप मारली की लोक 'स्टोरी टाक' म्हणतात." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या बारावीतही एक जे होता. अलिबागला आम्ही सगळे जाणार होतो, ह्याने तिथल्या तीन मुलींची नावं सांगितलेली. प्रत्यक्षात त्याला समुद्राचीच भीती. दोन दिवस वाळूत बसून आमच्या चपला सांभाळल्या." मी विचारलं, आता कुठे असतो? "रोज बोलतो की मी त्याच्याशी," म्हणाला.

जय_सातारकर

तीन वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज लिहावं लागतंय. माझं नाव खरंच जय आहे आणि माझ्याबद्दल हे कायमच बोललं जातं. मी २०१३ मध्ये मालियाला गेलो होतो. एका आठवड्यात सात देशांच्या मुलींनी नंबर मागितला. एक तर ग्रीसची नावाजलेली मॉडेल होती, नाव सांगत नाही. हवं तर माझ्या फ्रेंडला विचारा, तो सोबत होता.

पेणकर_इन_हॅरो

ऊऽऽ, फ्रेंऽऽड!

मुंग्याचीमावशी

अरे जय, २०१३ मध्ये? कुठल्या महिन्यात? एका पायात बूट होता का रे तुझ्या?